सातचा फोन

बुडत्याला हात देणारा स्वतः कधीच बुडत नाही, असं माजी दारुडे कोंडीरामकाका व्यसनमुक्तीच्या मीटिंगमध्ये सांगत. ते ऋतिकचे स्पॉन्सर, म्हणजे दारू सोडताना आधार देणारे सोबती. प्यावीशी वाटली की बाटलीआधी त्यांना फोन करायचा, ते चहाचा थर्मास घेऊन येणार. वर्षभरात ऋतिकला प्यावंसं वाटेनासं झालं, फोन थांबले. काकू थेट चाकणला ऋतिकच्या कंपनीच्या गेटवर आल्या. "तुझा फोन न्हाई, तर ह्ये सांजच्याला वाइन शॉपपाशी घुटमळत्यात. रोज सातला फोन कर. म्हन, प्यावीशी वाटतीया." "काकू, वाटतच नाही." "मग खोटं बोल! दारूपायी आईशी कमी खोटं बोललास व्हय?" सातला ऋतिकनं फोन केला. "हलू नगंस, आलोच!" काकांना तरतरी आली. थर्मास नऊपर्यंत संपेना. उठताना काकांनी पाठ थोपटली. "अशी सुटत न्हाई रं. उद्या बी वाटंल." ऋतिकनं मोबाईलवर रोज सातचा गजर लावला.