न छेडलेला गंधार

बुवांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या मैफलीत त्यांचा शिष्य हेरंब त्यांचेच तानपुरे जुळवत बसला होता. समोर पहिल्या रांगेत बुवांच्या पत्नी, माई. वर्षभरात त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

तानपुऱ्याला गंधाराची तार नसते. बाकीच्या तारा नेमक्या लागल्या, की गंधार आपसूक ऐकू येतो. बुवा दर मैफलीआधी माईंना विचारत, "आला का?" माईंनी मान डोलावली, की मगच ते षड्ज लावत.

"तुम्हीच गुणगुणता हळूच. लबाड!" माई घरी हेरंबदेखत म्हणायच्या. बुवा नुसते हसायचे. ते हसणं माईंनी कबुली समजून जपलं होतं. आज गंधार येणार नाही, हे त्या धरूनच चालल्या होत्या.

तो आला. मंचावर सगळ्यांचे ओठ मिटलेले होते आणि गंधार आला. स्वच्छ, भरलेला, कुणाचाच नसलेला.

"माई, आला का?" हेरंबनं विचारलं.

"नाही," माई कोरडेपणानं म्हणाल्या. "कसा येईल?"

हेरंबलाही तो ऐकू येत होता. त्यानं खुंटीला हात घातला आणि जुळलेली तार अलगद उतरवली.