तिसऱ्या अंकातली जागा

“चाळीस वर्षं लोकांना पैलतीरी सोडलं,” स्वेतोझार काका म्हणाले आणि थांबले.

विंगेत बसलेल्या नेवेनाने हलकेच पुढचे शब्द दिले. “पण मला न्यायला...”

“पण मला न्यायला कुणीच आलं नाही,” रंगमंचावरच्या म्हाताऱ्या नावाड्याने वाक्य उचललं. प्रेक्षकांना वाटलं, त्याने हुंदका आवरला. सोंबोरच्या नाट्यगृहातल्या मंडळींना मात्र कळलं, काका पुन्हा अडकले. तिसऱ्या रांगेतल्या व्यवस्थापकांनाही कळलं.

प्रॉम्प्टरची जागा ते यंदा बंदच करणार होते. आता कुठे असतात प्रॉम्प्टर, म्हणाले होते. पण काकांचं हे असं सुरू झालं, आणि काका काम करताहेत तोवर राहा, असं त्यांनी नेवेनाला सांगितलं. नवऱ्यामागे चार वर्षांच्या इस्क्राला ती या एका नोकरीवर वाढवत होती.

सहनट काकांना चिडवत. घरची वाट तरी आठवते का, विचारत. काका हसून म्हणत, “माझ्याआधी माझी आठवण निवृत्त झाली रे.”

मार्चमध्ये बेलग्रेडहून सिनेमावाले त्यांना बघायला आले. चाळीसएक सिनेमांत पोलीस नाहीतर पोस्टमन झालेल्या माणसाला पहिल्यांदाच नायकाचं काम मिळणार होतं. व्यवस्थापकांनी पाहुण्यांना आपल्या शेजारी बसवलं. त्या दिवशी काका दोनदा अडकले. पाहुणे कॉफीलाही थांबले नाहीत.

नेवेनाला त्यांच्याकडे बघवेना. काकांनी मिशी उतरवता उतरवता एवढंच विचारलं, इस्क्राचा खोकला कसा आहे.

दर रविवारी ती चर्चमध्ये मेणबत्ती लावायची. काकांना सगळं आठवू दे, मागायची. पायऱ्या उतरताना तिच्या मनात यायचं, खरंच आठवलं तर?

डिसेंबरात संत निकोलाचा दिवस आला. तिच्या सासरचा कुळाचार. त्या दिवशी कुणाला आमंत्रण करायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो. काका सगळ्यांत आधी आले. कुळाच्या मेणबत्तीपुढे क्रॉसची खूण करून त्यांनी गोड गव्हाचा चमचा तोंडात टाकला आणि इस्क्राला मांडीवर घेतलं. मेणबत्ती पोरीच्या हाताशी तर येत नाही ना, हे दोनदा बघून नेवेना मासे तळायला आत गेली.

थोड्या वेळाने बाहेरून नावाडी ऐकू आला. मग पोलीस, मग नवरी, मग पुन्हा नावाडी. काका इस्क्राला अख्खा तिसरा अंक करून दाखवत होते, सगळ्यांच्या आवाजांत. पोरगी खिदळत होती.

नेवेनाने तवा खाली उतरवला. ती जागा जवळ आली तसे सवयीने तिचे ओठ हलायला लागले.

“चाळीस वर्षं लोकांना पैलतीरी सोडलं, पण मला न्यायला कुणीच आलं नाही,” काका एका दमात म्हणून गेले.

“मग पुढे?” इस्क्राने विचारलं.

“पुढचं सोपंय गं. फक्त थिएटरात म्हणताना इथे जरा थांबायचं असतं,” काका म्हणाले. “तुझी आई असते ना तिथे.”