तिगबीची जपमाळ

बाळांनो, डोळ्यांपुढे आणा: समार बेटावरचं घर, मधोमध शवपेटी, आणि आत निजलेल्या आईच्या बोटांत गुंफलेली तिगबी गवताच्या टणक बियांची जपमाळ. आईनेच ती ओवली होती, सहा वर्षांच्या लेकीला, लिगायाला, शेजारी बसवून गाठ मारायला शिकवत. एकेक मणी म्हणजे मारियामातेचा एकेक अश्रू, असं ती सांगे. पेटी बंद करण्याआधी आजीने कात्री घेतली. “कापू नकोस ना, आजी!” “गप गं, रडूबाई! माळ अखंड राहिली, तर गेलेलं माणूस मागोमाग आणखी कुणालातरी बोलावतं.” “कुणाला?” “सगळ्यांत लाडकं असेल त्याला.” आजीने दोरा कापला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. आईची लाडकी कोण, हे लिगायाला पक्कं ठाऊक होतं. चवड्यांवर उभं राहून तिने पेटीत हात घातला, आणि आईने शिकवली होती तशी, कापलेल्या दोन्ही टोकांची घट्ट गाठ मारली.