अठरा विटा

"अकरा!" तुर्सिन ओरडला. "मागच्या झोपेत सात गेल्या, या झोपेत अकरा. चंद्रावर चोर कुठून आला गं, झानिल?"

झानिल अजून यानाच्या शिडीवरच होती. तिच्या शिरस्त्राणात त्याचा आवाज आदळला.

"कानाशीच बोलताय, आगा. ओरडू नका. नीट मोजल्यात का?"

"चाळीस वर्षं विटा रचतोय. मला मोजायला शिकवतेस?"

त्या सगळ्या मुलखात माणसं दोनच. साठीचा गवंडी तुर्सिन, आणि चाळिशीची यंत्रवाली झानिल. आरशांच्या भट्टीत धूळ वितळवायची, तिच्या विटा पाडायच्या आणि फुगवलेल्या घराभोवती दोन हात जाडीची भिंत रचायची, एवढंच काम. भिंत नसेल तर आकाशातून एक खडा आला की घराचा फुगा फुटलाच.

तीन दिवसांत सूर्य बुडणार होता. मग चौदा दिवस काळोख, आणि लोखंड तडकेल अशी थंडी. तोवर भिंत पुरी झाली तर राहायचं. नाही झाली तर यानात बसून परत, ते कायमचं.

आणि सूर्य तिरका झाल्यापासून भट्टी तापत नव्हती. आता नवीन वीट पडणार नव्हती.

"तुलाच परत जायचंय," तुर्सिन म्हणाला. "मी घोरायला लागलो की उठतेस आणि विटा लपवतेस."

"तुम्ही घोरता तेव्हा झोप कुणाला लागते? पण म्हणून विटा चोरू?"

"मग गेल्या कुठं? चालत गेल्या?"

"जा, पावलं शोधा."

पावलं पाहिजे तेवढी होती. दहा-अकरा दिवस तुडवलेली धूळ. कुठलं पाऊल कुणाचं, कोण सांगणार?

झानिल तरातरा यानात परतली. तो मागोमाग आत आल्यावर तिनं शिरस्त्राण काढलं, पाकिटातला नान बाहेर काढला आणि त्यावर हात ठेवला.

"या नानची शपथ. एकाही विटेला हात लावलेला नाही."

तिकडं गावी नानवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. तुर्सिननं तिच्याकडं पाहिलं, मग नानकडं.

"पाकिटातला नान," तो पुटपुटला. "दोन वर्षांचा शिळा."

"थुत तुमच्या जिभेवर!" झानिल भडकली. "सांगू का, हे घर का उभं राहत नाही? नव्या बिऱ्हाडाला आधीच्या लोकांनी जेवायला बोलवायचं असतं. इथं ते एरुलिकचं जेवण घालायला आहे कोण? ज्याला एरुलिक नाही, त्याचं बिऱ्हाड टिकत नाही. माझी आजी म्हणायची."

तुर्सिनचा चेहरा एकदम काळवंडला.

"एरुलिकचं नाव काढू नकोस माझ्यासमोर."

"का?"

"अराल समुद्र आटला तेव्हा आम्ही किनारा सोडून रेल्वे स्टेशनच्या गावी आलो. मी सात वर्षांचा. आईनं आम्हाला आंघोळी घातल्या, स्वतः डोक्याला पांढरा रुमाल बांधला आणि दारात बसली. आता कुणीतरी बोलवील म्हणून. तीन दिवस बसली. समोरच्या घरातून मटणाचा वास यायचा." त्यानं हातमोजा आपटला, काळी धूळ उडाली. "एक कुत्रं आलं नाही. चौथ्या दिवशी तिनं रुमाल काढला, तो परत कधी बांधला नाही. शेजारी नकोत, म्हणून तर आलो मी इथं. जिथं बोलवायला कुणी नाही, तिथं वाट बघायलाही नको."

 झानिलनं नान मोडून अर्धा त्याच्यापुढं सरकवला.

"सामानाची कापडं शिवून पोती करू," ती म्हणाली. "विटांऐवजी मातीची पोती रचू. बसतील?"

"बसतील की. तू चोर नसतीस, तर चांगली गवंडी झाली असतीस."

"आणि तुम्ही गाढव नसता, तर चांगला माणूस."

दोन दिवस दोघं राबले. धुळीनं सुया अडकल्या, हातमोज्यांची बोटं झिजली. सावलीत गेलं की हात बधिर, उन्हात आलं की पाठ भाजायची. पोतं हलकं, पण एकदा झोक्यानं सुटलं की आवरायचं नाही. एक तर झानिललाच घेऊन आडवं झालं. तुर्सिन दगडाला, धुळीला, खाली पृथ्वीवरच्या हापिसाला शिव्या घालत होता. सूर्य क्षितिजाला टेकला, तेव्हा एका पोत्याचीच जागा उरली.

जवळची माती संपली होती. तुर्सिन फावडं घेऊन काळ्या खडकामागं गेला. तिथं आजवर सावली होती. आता तिरकं ऊन आत शिरलं होतं.

"सापडल्या!" तो गरजला. "झानिल, नानची खोटी शपथ! इथं लपवल्यास होय? थांब, आलोच तुझा गळा..."

"काय सापडलं? आगा? मी दारातच आहे. आगा?"

तुर्सिननं फावडं खाली ठेवलं.

सात विटांचं एक कडं, त्याभोवती अकरांचं दुसरं. विटेला वीट भिडवलेली, घरच्या बैठ्या मेजासारखी. मेजावर काहीतरी झाकून ठेवलं होतं.

"झानिल," तो हळूच म्हणाला, "तुझ्याकडं पांढरा रुमाल आहे का गं?"

मेजाभोवती बसायला पाच जागा होत्या. त्यांतल्या दोनच रिकाम्या होत्या.