मामा येईपर्यंत

आईच्या खोलीतला प्रिंटर घरघरला, तेव्हा अराबा मागच्या अंगणात केंकीच्या, म्हणजे मक्याच्या उकडलेल्या पिठाच्या, गोळ्यांवरची पानं सोडवत होती. तिचे हात जागीच थांबले. सकाळी तिने स्वतः त्या प्रिंटरचं बटण बंद केलं होतं.

ती धावत बैठकीच्या खोलीत आली. मामेभाऊ एबो तिथे मोबाइल घेऊन बसला होता.

"एबो, तू काही छापायला पाठवलंस?"

"मघाशी पाठवला होता. क्वामेनाचा फोटो, दारावर लावायला. आलाच नाही. म्हटलं मशीन बिघडलंय, चौकातून छापून आणू."

"बिघडलं नव्हतं रे, आईपुढे असलं काही निघू नये म्हणून मी बंद केलं होतं! पाठवलेलं तसंच थांबून राहतं आणि मशीन सुरू झालं की छापतं."

"मग सुरू कुणी केलं?"

अराबा आईच्या खोलीकडे वळली. त्या खोलीत आईशिवाय कुणीच नव्हतं.

प्रिंटर अराबाच्या भावाने, क्वामेनाने आणला होता, गेल्या नाताळात, टाकोराडीहून. घरच्या वायफायला जोडून त्याने तो आईच्या पलंगापाशी ठेवला. अराबाने पुढच्या पडवीत गिऱ्हाइकाचा पासपोर्टचा फोटो मोबाइलवर काढायचा, तो आत आईपाशी छापून निघायचा आणि आईने दुखरा पाय उशीवर ठेवून तो कापायचा. "आता तुला उठायला नको, आई. गिऱ्हाईकच तुझ्या उशाशी येईल," तो म्हणाला होता.

गुरुवारी बंदराच्या रस्त्यावर त्याचा ट्रक उलटला. तेव्हापासून घर हळू आवाजात बोलत होतं. मामाने कुमासीहून फोनवर बजावलं होतं, "मी येईपर्यंत एफुवाला कुणी काही सांगायचं नाही. माझ्या बहिणीला लेकाचं मरण असं उडत उडत कळता कामा नये. मी येईन, बसेन, पाणी पिईन आणि माझ्या तोंडाने सांगेन."

अराबाने दार ढकललं.

फोटो अजून निघतच होता. बोटभर, मग आणखी बोटभर. काळी चौकट, केस, कपाळ. डोळे आले होते. आई पलंगाच्या कडेला बसून खाली हाताची ओंजळ धरून होती, कागद जमिनीवर पडू नये म्हणून.

अराबा वायर उपटायला वाकली.

"राहू दे," आई म्हणाली. "अर्धवट नको."

दोघी बघत राहिल्या. नाक आलं. हसणारं तोंड आलं. शर्टाची कॉलर आली आणि तिच्याखाली दोन तारखा. जन्माची आईला पाठच होती. दुसरी तिने एरवीसारखं आकड्यांखाली बोट न धरता वाचली.

"त्या शिक्षिकाबाईंचे कालचे फोटो छापायचे राहिलेत, म्हणून सुरू केलं मी," ती म्हणाली. जणू चूक तिचीच होती.

"आई..."

"गुरुवारपासून तू मला संत्री सोलून देतेयस. जन्मात कधी दिली होतीस? कळलं मला, काहीतरी झालंय." तिने श्वास घेतला. "मला वाटलं, पाय मोडला असेल त्याचा. फार तर पाय."

अराबा खाली बसली. आईच्या मांडीवर डोकं टेकून रडायला लागली. आईचा हात तिच्या केसांवर आला, पण आई रडली नाही.

"सांगायला कुमासीहून दादाच येत असेल. कधी यायचाय?"

"चारपर्यंत. थोरले सगळे येतायत बरोबर."

"मग मला काही माहीत नाही."

अराबाने मान वर केली.

"सत्तरी उलटलीय त्याची. तीन दिवस हे पोटात घेऊन बसलाय. दारात येऊन बघतो तर मी आधीच रडतेय, मग त्याने करायचं काय? आल्या पावली परत जायचं? आणि त्या एबोला तर तो उभा सोलेल." आईने फोटो कडांनी धरून पलंगावर ठेवला. "जा. केंकी झाकून ठेव, माणसं लांबून येतायत. आणि चारपर्यंत कुणी आत येऊ नका."

अराबा दाराबाहेर बसून राहिली. आतून एकदाच, उशीत तोंड खुपसून कुणी खोकावं तसं काहीतरी ऐकू आलं.

चारला मामा आला, बरोबर घराण्यातले तीन थोरले. कपड्यांवरून बहिणीला कळू नये म्हणून सुतकाचे काळे-लाल कपडे टाळून मुद्दाम पांढरा सदरा घालून आला होता. आई बैठकीत खुर्चीवर ताठ बसली होती. तोंड धुतलेलं, डोक्याला नवा रुमाल. अराबाने पाणी दिलं. मामाने चार थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर सांडले, घोटभर प्यायला आणि पेला परत दिला.

पाहुण्यांनी आईकडे पाहिलं. रीतीने पहिला शब्द घरच्यांचा असतो, मग पाहुण्याने निरोप सांगायचा.

आईने डोक्याचा रुमाल सारखा केला आणि भावाच्या डोळ्यांत बघितलं.

"आमच्याकडे सगळं कुशल आहे, दादा," ती म्हणाली. "तुमचं येणं कशासाठी झालं?"