तिसरा प्रोसेसर

रेल्वेतून रिटायर झालेले सटवाजीकाका दर रविवारी चुडाव्याहून पॅसेंजरने पूर्णेला येतात, माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "कॉम्प्युटरला प्रोसेसर आय-फाइव्ह घ्यावा का रायझन?" मी तोंड उघडायच्या आत स्पीकर लावून बंगळूरला फोन. लेक धम्मशीला तिथं नोकरीला आहे.

"जयभीम बाबा. जेवलात? गोळी घेतली? बरं, ठेवू?"

मग काका तोच प्रश्न विचारतात, आणि जी लेक दोन मिनिटांत फोन ठेवायला निघाली होती, ती अर्धा तास बोलते. "आय-फाइव्हचं इंजिन एकटं लय जोरात पळतंय, बाबा. रायझनला रूळ जास्त, चार गाड्या संगंच निघतेत. वरून स्वस्त." काका डोळे मिटून ऐकतात.

असे पाच महिने झाले. काकांना साधा माऊस धरता येत नाही.

काल मीच वैतागलो. मधे तोंड घालून म्हणालो, "ताई, एकदाचं ठरवा. रायझन देऊन टाकू का काकांना?"

ती घाईघाईनं म्हणाली, "नको, दादा! पुढच्या महिन्यात तिसरा यायलाय, या दोन्हीपेक्षा भारी. तवर काहीच देऊ नका त्यांना."

"मंग पुढच्या रविवारी इचारतो, बाई," काका खुशीत म्हणाले. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "खरंच यायलाय का रे तिसरा?"

तसा कुठलाच प्रोसेसर येणार नव्हता.

"हो काका," मी म्हणालो. "मीबी ऐकलंय."