सुंदराची ओटी

"दिवेलागणीआधी पोचेल ना हो?" हौसाबाईनं विचारलं. गुडघे धरल्यामुळे तिला पैलतीरी लेकीच्या, सुंदराच्या ओटीला जाता आलं नव्हतं, म्हणून तिनं ओटीची टोपलीच धरणाच्या पाण्यात सोडली होती.

तिच्या नवऱ्यानं, तातोबानं मोबाइलवरचा नकाशा उघडला. वजन सांगितलं की वस्तू कुठून सोडली तर कुठल्या घाटाला लागेल, ते हा नकाशा पाण्याची ओढ बघून लाल रेघेनं दाखवी. टोपलीला बांधलेल्या यंत्रावरून तिची वाट बदलली की रेघही वळे. आजवर तो चुकला नव्हता. पण आता रेघ वळून भलत्याच निंबगावला गेली होती.

"वजन केल्यावर आत काही टाकलंस?"

"मूठभर तांदूळच की."

"मूठभर! अगं, पाण्याला दाणासुद्धा कळतो!"

निंबगावच्या एका बाईनं टोपली काढली, वरचं नाव वाचलं आणि नवं वजन करून पुन्हा सोडली. पण ओटी हाती आल्यावर आपली मूठ घातल्याशिवाय कुठली बाई राहते? सोडता सोडता तिनंही तांदूळ घातले. रेघ करंजवाडीला वळली. तिथं टोपलीत खण पडला, रेघ पुन्हा भरकटली.

"सगळ्या तुझ्याच बहिणी!" तातोबानं कपाळाला हात लावला.

पुढच्या घाटावर मात्र एका शहाणीनं आधी केळ्यांचा अख्खा घड घातला आणि मगच वजन केलं. रेघ सुंदराच्या घाटाला टेकली, पण ऊनही उतरलं होतं. हौसाबाई नकाशावरून नजर काढेना.

सूर्य बुडता बुडता फोन वाजला.

"आई, लागली गं टोपली!" सुंदरा हसत होती. "पण तुझ्या जावयाला एकट्याला उचलेना. शेजाऱ्यांना हाक मारलीय."